गव्हाविना घर चालवताना

सीलिअ‍ॅक आजाराचं निदान झालं की डॉक्टरांची चिठ्ठी फार लांबत नाही. लोहाच्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि गहू, मैदा, रवा, सातू आयुष्यभर बंद. या आजारावर आज दुसरा इलाज नाही. पथ्य हाच इलाज. महिना पंधरा-वीस हजारांत चार माणसांचं भागवणाऱ्या घरात ही चिठ्ठी पोचते तेव्हा पहिला प्रश्न पडतो की आता खायचं काय, आणि लगेच दुसरा, की ते परवडायचं कसं. कुणीतरी सांगतं, मॉलमध्ये ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेली पाकिटं मिळतात. तिथला भाव पाहिला की काही घरं उसनवारी करून महिना-दोन महिने ती पाकिटं आणतात आणि मग थांबतात. काही घरं पहिल्याच दिवशी ठरवतात की हे झेपणारं नाही, जमेल तेवढा गहू कमी करू. हा दुसरा निर्णय जास्त घातक आहे, कारण या आजारात ‘कमी गहू’ असं पथ्यच नसतं.

सगळा प्रश्न नीट पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे, की महाराष्ट्रात या रुग्णाचं धान्य दुर्मीळ नाही आणि आवाक्याबाहेरही नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा यांच्यात ग्लुटेन नाही आणि ही आपल्या तोंडच्या चवीची धान्यं आहेत. पथ्य मोडतं ते शेतातून ताटापर्यंतच्या वाटेवर. गिरणीत मोडतं, हिंगाच्या डबीत मोडतं, रेशनच्या पिशवीत, शाळेच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत मोडतं. गरीब घराला खरी मदत लागते ती तिथे.

आजाराविषयी आधी थोडक्यात. गहू, सातू आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे काही माणसांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतली सूक्ष्म लव झडते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मुलांमध्ये वारंवार जुलाब, फुगलेलं पोट, खुंटलेली उंची. मोठ्यांमध्ये गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, ठिसूळ हाडं, कधी वंध्यत्व. पोटाची कसलीच तक्रार नसलेले रुग्णही पुष्कळ असतात. गव्हाचा संबंध पुढे आणला तो विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि या आजाराची मुलं उपासमारीच्या त्या दिवसांत सुधारली. पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. डिकेंच्या मनात गव्हाविषयी संशय आधीपासून होता. १९५० मध्ये त्यांनी त्यावरचा प्रबंध उट्रेख्त विद्यापीठात सादर केला.

भारतात हा आजार कुठे किती, याची एक मोठी पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येकडे ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के असं प्रमाण तिच्यात आढळलं. आजाराला लागणारी जनुकीय पार्श्वभूमी तिन्हीकडे फारशी वेगळी नव्हती. गहू खाण्याचं प्रमाण मात्र खूप वेगळं होतं. महाराष्ट्र या दोन टोकांच्या मध्ये आहे आणि आपल्या ताटातला गहू गेल्या दोन पिढ्यांत वाढत गेला आहे. ‘हा पंजाबातला आजार’ असं समजून आपल्या दवाखान्यांनी निश्चिंत राहू नये.

तपासणीबाबत एक गोष्ट पैशाशी थेट निगडित आहे. निदानासाठी रक्ताची टीटीजी चाचणी आणि बहुधा त्यानंतर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणी करतात. दोन्ही चाचण्या माणूस गहू खात असतानाच खऱ्या निघतात. कुणाच्या तरी सल्ल्याने आधीच पोळी सोडली तर चाचणी निर्दोष येऊ शकते, मग पुन्हा काही आठवडे गहू खाऊन तीच चाचणी करावी लागते आणि खर्च दुप्पट होतो. गहू सोडण्याची शहरांत सध्या एक लाट आहे. पोट हलकं वाटतं म्हणून पोळी सोडणाऱ्यांना मी दोष देत नाही. काहींना गव्हातल्या इतर घटकांचा त्रास होतोही. पण ज्याला सीलिअ‍ॅकची शंका आहे त्याने आधी चाचणी करावी आणि मगच पथ्य धरावं. रुग्णाच्या आईवडिलांत, भावंडांत, मुलांत हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, तेव्हा त्यांचीही रक्तचाचणी करून घ्यावी. बहीण-भावाचा आजार पाच वर्षांनी कळण्यापेक्षा ती चाचणी कितीतरी स्वस्त पडते.

आणखी एक गैरसमज वेळीच दूर केला पाहिजे. खपली गहू जुना आहे, पचायला बरा आहे, म्हणून या रुग्णांना चालतो असं अनेकजण मनापासून सांगतात. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. देशी बन्सी, शरबती, घरच्या शेतातला, सेंद्रिय, कुठलाही गहू सीलिअ‍ॅकमध्ये चालत नाही.

आता हिशेब. कॅनडात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्लुटेनविरहित पदार्थ नेहमीच्या पदार्थांपेक्षा सरासरी २४२ टक्के महाग निघाले. आपल्याकडच्या दुकानातही चित्र फार वेगळं नाही. खास पिठाचं पाकीट सहज दीडशे ते तीनशे रुपये किलोच्या घरात जातं. मोठं माणूस दिवसाला साधारण ३०० ग्रॅम धान्य खातं असं धरलं तर महिन्याला ९ किलो. दोनशे रुपये किलोच्या पाकिटाने ते १,८०० रुपये होतात. तेच ९ किलो बाजारात ३५ रुपयांच्या गव्हाचे घेतले तर ३१५ रुपये आणि ५० रुपयांच्या ज्वारीचे घेतले तर ४५० रुपये. गव्हाऐवजी ज्वारी खाणाऱ्या माणसामागे महिन्याला शे-दीडशे रुपये वाढतात. हा भार हलका नाही, पण १,८०० चा डोंगरही नाही. त्यातलं निम्मं धान्य तांदूळ असेल आणि तो रेशनचा असेल, तर वाढ जवळजवळ मिटते. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की कमी पैशांत पथ्य पाळायचं असेल तर त्या खास पाकिटांच्या फळीकडे वळूच नये. तिथला पाव आणि बिस्किटं तशीही साखर-तेलाने जड आणि तंतूंनी हलकी असतात.

ज्वारी गव्हापेक्षा महाग व्हावी हे आजी-आजोबांच्या पिढीला पटणार नाही. गरिबाची भाकरी आणि सणाची पोळी हीच तेव्हाची रीत होती. दिवाळी, होळी, पाहुणा आणि लग्न एवढ्यापुरता गहू दळला जाई. सोलापूर, नगर, बीड, लातूर हा सगळा रब्बी ज्वारीचा मुलूख. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ३५-१ तिथे पिढ्यानपिढ्या पेरली गेली आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हरितक्रांती झाली ती गहू-भाताची. सरकारी खरेदी गहू-भाताची, रेशन गहू-भाताचं. ज्वारीची काढणी अंगमेहनतीची, मजूर मिळेनात, म्हणून शेतकरी सोयाबीन, ऊस, हरभऱ्याकडे वळला. पेरा घटला आणि भाव चढला. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेले हमीभाव पाहा: मालदांडी ज्वारी क्विंटलला ३,४२१ रुपये, नाचणी ४,२९०, बाजरी २,६२५. त्यानंतरच्या हंगामातल्या गव्हाचा हमीभाव होता २,४२५. २०२३ हे भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, त्याने शहरी गिऱ्हाईक वाढलं. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले याचा मला आनंद आहे. मात्र ज्याला आजारामुळे ज्वारीशिवाय गत्यंतर नाही त्याच्याकडे त्या वर्षात कुणाचं लक्ष गेलं नाही.

या आकड्यांतून घरापुरता एक मार्ग निघतो. बाजरी अजूनही गव्हाच्या जवळच्या भावात मिळते. हिवाळाभर बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी ही आपली जुनी रीत खिशालाही सोयीची आहे. कोकणात तांदळाची भाकरी आणि नाचणी, खानदेशात ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, नंदुरबारकडे मक्याची. आपापल्या भागात जे पिकतं ते सुगीत एकदम घेऊन ठेवलं तर किलोमागे बरेच पैसे वाचतात. एकरकमी पैसे नसतात ही अडचण खरी आहे. बचत गटातून कर्ज काढून वर्षाची ज्वारी भरणं हे मला गटाच्या पैशाचं अतिशय योग्य कारण वाटतं.

रेशनचा शिधा कार्डाच्या प्रकारावर आणि माणसांच्या संख्येवर ठरतो, कुणाला काय पचतं यावर नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं, त्यात गहू आणि तांदूळ दोन्ही असतात. घरात एकच रुग्ण असेल तर घरातल्या घरात अदलाबदल करता येते: सगळ्यांच्या वाट्याचा तांदूळ रुग्णासाठी, रुग्णाच्या वाट्याचा गहू बाकीच्यांसाठी. आई आणि दोन मुलं तिघंही रुग्ण असतील, आणि असं होतं, तेव्हा ही युक्ती चालत नाही. पिशवीतला गहू विकून ज्वारी आणावी लागते आणि त्यात तोटा ठरलेला. दिवाळीला मिळणाऱ्या ‘आनंदाचा शिधा’च्या पिशवीत रवा असायचा, तोही या घराला नुसता ठेवून द्यावा लागे. एक चांगली गोष्ट सांगायला हवी. रेशनच्या तांदळात आता लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळलेले दाणे असतात. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. रक्तक्षय झालेल्या या रुग्णांसाठी तो तांदूळ उपयोगाचा आहे. दाणे वेगळे दिसतात म्हणून वेचून टाकू नयेत.

यानंतर येते गिरणी, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण प्रामाणिकपणे पथ्य पाळणाऱ्या घरांचं पथ्य सगळ्यात जास्त इथे मोडतं. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन हवं, असा आंतरराष्ट्रीय आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचाही निकष आहे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन साधारण आठ ते दहा टक्के. म्हणजे एक किलो ज्वारीच्या पिठात गव्हाचं ३ ग्रॅम पीठ, चहाचा एक चमचा, मिसळलं तर किलोमागे २४० मिलिग्रॅम ग्लुटेन झालं. निकषाच्या बारापट. त्या पिठाच्या ३०० ग्रॅम भाकरी खाल्ल्या तर पोटात ७२ मिलिग्रॅम गेलं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा होते हे इटलीतल्या एका अभ्यासात २००७ मध्ये दिसलं आहे. आता गिरणीतलं दृश्य आठवा. गव्हाचं दळण संपतं आणि त्याच पाळ्यांत, त्याच नळीत, त्याच फडक्याच्या पिशवीत तुमची ज्वारी पडते. मागे राहिलेलं पीठ एका चमच्यापेक्षा नक्कीच जास्त असतं. हवेत उडणारी भुकटी वेगळीच. बाई वर्षभर भाकरीशिवाय काही खात नाही आणि तरी तिची टीटीजी उतरत नाही, डॉक्टर विचारतात की चोरून काय खाता, आणि ती रडकुंडीला येते. तिचा काही दोष नसतो.

‘बाजरीवर गहू दळू नका’ असं बायका गिरणीवाल्याला पूर्वीपासून सांगत आल्या आहेत, कारण पोळ्या काळ्या होतात. एकादशीच्या आधी उपासाचं दळण वेगळं काढायची पद्धतही अनेक गिरण्यांत आहे. म्हणजे वेगळं दळणं ही कल्पना गिरणीला नवी नाही. तरी नुसतं ‘ज्वारीवर ज्वारी दळा’ हे सीलिअ‍ॅकला पुरत नाही, कारण त्या ज्वारीच्या आधी गहूच होता. खर्चाच्या चढत्या क्रमाने उपाय असे दिसतात. खेड्यात माळ्यावर पडलेलं जातं असेल तर ते घासून, तांदूळ दळून टाकून, फक्त या रुग्णासाठी ठेवता येतं. कष्ट आहेत, पण एका माणसाचं पीठ निघतं. तांदूळ, वरई, राजगिरा, डाळी मिक्सरवर दळून चाळून घेता येतात, त्यांची घावनं, धिरडी, आंबोळ्या होतात, आणि ज्वारीच्या भरडलेल्या कण्या भातासारख्या शिजवता येतात. तिसरा उपाय घरघंटी. तिला पंधरा-वीस हजार किंवा जास्त लागतात, एका गरीब घराला ते जड आहे. पण तीन-चार घरांनी, किंवा एखाद्या बचत गटाने ती घेतली आणि तिच्यात गहू कधीच घातला नाही, तर सगळ्या गावाच्या भाकरीचं आणि उपासाचं दळण तिच्यावर होऊ शकतं आणि गटाला उत्पन्नही मिळतं. काही जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांनी महिलांना अनुदानावर पिठाच्या गिरण्या दिल्या आहेत. त्यांतली एक जरी तालुक्याला गव्हाविना चालली, तरी हजारो रुपयांच्या पाकिटांचं काम ती करील.

धान्यातही मिसळ असतेच. मळणी यंत्र एकच, बारदान तेच. अमेरिकेत २०१० मध्ये मुळात ग्लुटेन नसलेल्या धान्य-पिठांचे २२ नमुने तपासले, त्यांतल्या ७ मध्ये निकषापेक्षा जास्त ग्लुटेन सापडलं. म्हणून तयार पीठ न घेता अख्खं धान्य घ्यावं, निवडावं, पाखडावं, एका पाण्याने धुऊन कडकडीत वाळवावं आणि मग दळावं. बेसनही हरभरा डाळ आणून दळलेलं बरं.

स्वयंपाकघरात गहू लपून बसतो अशा जागा थोड्या आहेत, पण त्या रोजच्या आहेत. सर्वांत पहिली हिंगाची डबी. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे थोडा हिंग, डिंक आणि पीठ. हे पीठ पुष्कळदा मैद्याचं असतं, कधी तांदळाचं. वरण, आमटी, पोह्यांची फोडणी, लोणचं, उडदाचा पापड, सांबार, सगळीकडे ती चिमूट असते. डबीवरचे घटक वाचून तांदळाच्या पिठाचा हिंग घ्यावा किंवा लसूण-जिऱ्यावर भागवावं. जिभेला चार दिवसांत सवय होते. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, शेवया गव्हाच्या, सातूचं पीठ तर नावापासूनच बाद. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींत सातूचं माल्ट असतं. ‘नाचणी बिस्किट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत बहुधा मैदा आधी आणि नाचणी नंतर लिहिलेली असते. ‘मल्टिग्रेन आटा’ म्हणजे मुख्यतः गहू. २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे ग्लुटेनयुक्त धान्य असल्यास पाकिटावर वेगळं नमूद करणं बंधनकारक आहे, ते बारीक अक्षर वाचायची सवय घरातल्या शिकत्या पोरांना लावावी. सुट्या फरसाणावर काहीच लिहिलेलं नसतं, त्यामुळे ते टाळलेलंच बरं.

भांडी सगळी नवी घेण्याची गरज नाही. पैसे थोडे असतील तर आधी चाळणी वेगळी घ्यावी, कारण तिच्या जाळीतलं पीठ कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. मग लाकडी पोळपाट-लाटणं आणि परात. लोखंडी तवा घासून, तापवून चालतो. स्टील साध्या धुण्याने साफ होतं. पुऱ्या-करंज्या तळलेल्या तेलात रुग्णाचे पापड तळू नयेत. पिठाचा डबा वरच्या फळीवर, गव्हाचा खालच्या, एवढ्यानेही खूप फरक पडतो.

पैशांच्या हिशेबात न धरला जाणारा सर्वांत मोठा खर्च बाईच्या कष्टांचा आहे. आजार नवऱ्याला असो की मुलाला, घरात दोन कणका भिजतात, दोनदा तवा तापतो. पोळ्या सकाळी लाटून डब्यात घातल्या तर दुपारी मऊ असतात. भाकरी थापायला हात लागतो आणि गार झाली की कडक होते. शहरातल्या अनेक तरुण बायकांना भाकरी येत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पिठात चिवटपणा आणणारं ग्लुटेनच नसल्याने ज्वारीचा गोळा ताणला जात नाही. उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढली की त्यातला स्टार्च फुलून धरून ठेवायचं काम करतो आणि लाटण्याने लाटून फुलके करता येतात. चिमूटभर इसबगोल घातला तर आणखी सोपं होतं. पीठ ताजं हवं. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापतानाच तुटते आणि बाजरीचं पीठ दोन-तीन आठवड्यांत कडवट होतं, म्हणून दळण आठवड्याचंच काढावं. माझ्या मते कमी उत्पन्नाच्या घरात सगळ्यात व्यवहार्य मार्ग म्हणजे संध्याकाळचं जेवण सगळ्यांचंच गव्हाविना करणं: भात-आमटी, भाकरी-पिठलं, खिचडी, कुळथाचे शेंगोळे. रुग्णाला वेगळं ताट राहत नाही, चूक होण्याची शक्यता घटते आणि एका बाईचा रोजचा तास-दीड तास वाचतो. घरातल्या पुरुषांनी भाकरी थापायला शिकावं, हे मी सल्ला म्हणून नव्हे तर उपचाराचा भाग म्हणून लिहितो आहे.

सगळ्यात स्वस्त म्हणून तीन वेळा नुसता भात खाण्याकडे घर झुकतं. आजाराने आधीच झिजलेल्या शरीराला ते पुरत नाही. गहू गेल्यावर त्यातलं प्रथिन आणि तंतूही जातात. ते डाळी, उसळी, शेंगदाणे, अंडी आणि भरडधान्यांतून भरून काढावे लागतात. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, बाजरीत लोह चांगलं असतं. निदानानंतर सुरुवातीला काहींना दूध पचत नाही. आतडं भरून आलं की बहुधा पचू लागतं, तोवर ताक सोसतं. ओट्स आपल्याकडे गव्हाबरोबरच हाताळले जातात, ते टाळावेत.

घराबाहेरची परिस्थिती कठीण आहे. शाळेतल्या पोषण आहाराची खिचडी भाताची असते हे नशीब. तिच्यातल्या मसाल्याची आणि हिंगाची चौकशी आईने एकदा स्वयंपाकघरात जाऊन करावी. वसतिगृहाच्या खानावळीत मात्र पोळी हेच मुख्य अन्न, आणि गावाहून पुण्याला शिकायला आलेल्या मुलामुलींचं पथ्य तिथे बहुधा पहिल्या सत्रातच सुटतं. कुकर आणि एक शेगडी खोलीत ठेवायची परवानगी वैद्यकीय दाखल्यावर मिळावी, एवढीही सोय सगळीकडे नाही. वडापाव, पावभाजी, भेळेतली पुरी, रवा डोसा बंद. पावाशिवाय मिसळ, इडली, साबुदाणा खिचडी यांवर भागतं, तेही विचारून. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. नको म्हणणं अनेकांना जड जातं, विशेषतः नव्या सुनेला. वरईचा किंवा तांदळाच्या रव्याचा शिरा प्रसादाला केला तर कुणाच्याही श्रद्धेला बाधा येत नाही. गोव्यात आणि वसईत हाच प्रश्न चर्चमध्ये येतो: २०१७ च्या पत्रात व्हॅटिकनने पूर्ण ग्लुटेनविरहित पवित्र भाकर अग्राह्य ठरवली, पण अत्यल्प ग्लुटेनची चालते असं स्पष्ट केलं. तशी मागवून घ्यायला फादरना सांगता येतं. सणांचं आपलं दालन सुदैवाने मोठं आहे. उकडीचे मोदक, अनारसे, भाजणीची चकली, राजगिऱ्याचे लाडू गव्हाविना होतातच. पुरणपोळी ज्वारीच्या उकडीत जमवणाऱ्या हुशार बायका आहेत. बाकीच्यांनी वाटीत पुरण आणि वर तूप घ्यावं.

इतर देशांनी हा भार रुग्णावर एकट्यावर टाकलेला नाही. इटलीने २००५ मध्ये कायदा करून या रुग्णांना खास अन्नासाठी दरमहा सरकारी मदत दिली आणि शाळा, रुग्णालयांच्या सरकारी खानावळींत मागितल्यास ग्लुटेनविरहित जेवण देणं बंधनकारक केलं. २०२३ मध्ये त्याच देशाने सगळ्या मुलांची या आजारासाठी चाळणी तपासणी करण्याचा कायदा केला. इंग्लंडमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर पाव आणि पीठ मिळतं. २०१८ पासून यादी तेवढ्यावर आणली गेली, पण ती सोय पूर्ण बंद झालेली नाही. आपल्याला त्यांच्यासारखी पाकिटं वाटायची गरज नाही, कारण आपली गरीब माणसं पावावर जगत नाहीत. आपल्याला लागतं ते असं, की सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर रुग्णाच्या वाट्याचा गहू बदलून तेवढाच तांदूळ किंवा ज्वारी-बाजरी रेशन दुकानात मिळावी. जिल्हा रुग्णालयात टीटीजी चाचणी मोफत व्हावी, अंगणवाडीत घरी न्यायच्या आहारात अशा बाळासाठी गव्हाविना पर्याय असावा, आणि तालुक्याला एक गिरणी गव्हापासून मुक्त असावी. यातल्या पहिल्या मागणीला नवा कायदाही लागत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तांदळाचा ३ रुपये आणि गव्हाचा २ रुपये किलो हा दर लिहिला, त्याच ओळीत भरडधान्याचाही १ रुपया किलो असा दर लिहिलेला आहे.